मापाची बाई

दोरसाफने मादाम शादलियाचा सूड घेतला तो स्वतःच्या छातीने. मी शेजारीच उभी होते. हातात टाचण्यांचा डबा होता. तरी मला काही कळलं नाही.

दोरसाफ आमच्या कारखान्यातली मापाची बाई होती. आमच्या कसर हलाल गावात तेलघाण्याची एक जुनी इमारत आहे, कारखाना तिथेच. त्यातला घाणा कधीच गेला, आता तिथे शिलाई मशिनं आहेत. आम्ही नवरीच्या पेटीत जाणारे अंतर्वस्त्रांचे संच बनवायचो. किनाऱ्यावरची, सूसपासून महदियापर्यंतची दुकानं ते घ्यायची. नवा नमुना शिवला की आधी दोरसाफच्या अंगावर चढायचा. तिला बसला की रिदा, आमचा कटिंग मास्टर, कापडाच्या थप्पीवर सुरी चालवायचा. बाकी सगळी लहानमोठी मापं तिच्या मापावरून निघायची.

"दोरसाफला बसलं की अख्ख्या किनाऱ्याला बसतं," मादाम शादलिया म्हणायची.

मादाम आमची सुपरवायझर. ती टेप वापरत नसे. तिचा उजवा हातच टेप होता. तळवा वाटीसारखा वळवून ती नमुन्याखालून फिरवायची आणि सांगायची, इथे दोराभर काढा, इथे दोराभर सोडा. "टेप वापरून सैल पडते," ती म्हणायची, "हात नाही पडत."

मी सूसला अरबी साहित्यात पदवी घेतली आणि पॅकिंगला लागले. बाया मला प्रोफेसरीणबाई म्हणत. दोरसाफ म्हणत नसे. ती मला इनेसच म्हणे. म्हणून आमची मैत्री झाली.

सुडाचं कारण सांगते.

पहिल्या खेपेला दोरसाफला दिवस राहिले तेव्हा तिने कारखान्यात सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सुरुवातीला कुणीच सांगत नाही. नजर लागते. त्यात कारखान्यात सगळ्यांची कामं करारावर. गरोदर बाईचा करार पुढे जात नाही, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं. ती सैल झगा घालायची. पाचवा महिना लागला तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मादामने डाळिंबी सॅटिनचा नमुना पुढे केला. खाली पोलादी तार.

"मादाम, आज तारेचा नको," दोरसाफ म्हणाली. "दुखतंय."

"पुतळा बोलत नसतो," मादाम म्हणाली.

सकाळभर तिला उभं केलं. पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. मग सॅटिनवर एक डाग उमटला. पिवळसर, चिकट. गरोदरपणात असं होतं. काहींना मधल्या महिन्यांतच चीक येतो. त्यात आजार नाही की लाजण्यासारखं काही नाही. पण हे तेव्हा तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मादामने तो नमुना तिच्या अंगावरून ओढून काढला. मापाच्या कोपऱ्याचा पडदा बाजूला सारला. डाग सगळ्या मशिनींच्या दिशेने धरला.

"बघा गं! गाय पान्हावली! आणि मला सांगत होती तार टोचते!"

काही बाया हसल्या. दोरसाफ छातीवर हात आडवे धरून उभी होती. तिचा झगा मादामच्या मागे खुंटीला होता. मादाम बाजूला झाली नाही.

तिचा करार पुढे वाढवला नाही. सिरीन जन्मली, गोरीगोमटी, धडधाकट. पण गावात नाव पडलं ते पडलंच. पावाच्या दुकानापुढे रांगेत उभी राहिली की मागून कुणीतरी हंबरायचं. एकदा माझ्यासमोर हंबरलं. दोरसाफने मागे वळून पाहिलं नाही. पाव घेतला. घरी येईपर्यंत अर्धा चुरगाळला होता.

"इनेस," ती म्हणाली, "तिने माझं अंग चव्हाट्यावर मांडलं. मी तिचं नाव मांडीन."

"कसं?"

"ते अजून माहीत नाही."

पुढच्या वर्षी मादाम स्वतः तिच्या दारी आली. हातात मक्रूदचं, खजुराच्या वड्यांचं ताट, वर तिळाची पखरण. दोन-तीन पोरी मापासाठी उभ्या करून झाल्या होत्या. एकीच्याही मापावरचे नमुने धड बसले नाहीत. उन्हाळ्यात दुकानांतून माल परत आला होता. तार टोचते, नवऱ्या तक्रार करतात. मालक सी लामजेदने, म्हणजे लामजेदसाहेबाने, बजावलं होतं, यंदा माल आरामाचा हवा. नवरीला तो घालून लग्नाची अख्खी रात्र नाचता आलं पाहिजे. बदल्यात मादामने त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. यंदाच्या प्रत्येक नगावर सोनेरी दोऱ्यात तिचं नाव विणलेली पट्टी लावायची. शादलिया.

"झालं गेलं विसर, बिन्ती," मादाम म्हणाली. बिन्ती म्हणजे माझी लेक. असं ती कधी म्हणत नसे.

दोरसाफने एक मक्रूद खाल्ला. सावकाश. मग बोटं पुसली.

"येते. पण पडदा बंद राहील. नमुना मी स्वतः घालीन. आत फक्त इनेस."

"तू म्हणशील तसं."

हिवाळ्यात नमुन्यांचं काम सुरू झालं. त्याच सुमारास एका दुपारी दोरसाफने मला कापडाच्या कोठीत ओढलं.

"दिवस राहिलेत."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"अजून नाही. रात्री छातीला चादर लागली तरी कळ येते. सिरीनच्या वेळीही असंच झालं होतं. सिरीन अंगाशी आली तर मी तिला दूर लोटते बघ. बिचारी रडते."

तिने झग्याचं बटण काढून दाखवलं. वरच्या बाजूला निळ्या शिरा उठल्या होत्या. छाती भरून आली होती. स्तनाग्रांभोवतीचं वर्तुळ गडद झालं होतं, त्यावर बारीक दाणे आले होते. पोट मात्र सपाट होतं.

"आता काय करणार?" मी म्हणाले. "करार जाईल."

"कुणाला सांगू नकोस."

मला वाटलं, ती नोकरीसाठी घाबरली आहे. मीही तिच्यासाठी घाबरले. पोट दिसेपर्यंत मादामला कळू द्यायचं नाही, एवढंच मी डोक्यात धरलं.

सरकारी दवाखान्यात बेया नावाची सुईण आहे. जाड, दम लागणारी, बोलायला फटकळ. मी दोरसाफबरोबर गेले होते.

"तार फेकून दे," बेया म्हणाली. "सुती घाल. रुंद पट्ट्याची. रात्रीही घाल, पण सैल. आणि वाढशील तशी मोठी घे. बायका नऊ महिने एकाच मापात कोंबून बसतात आणि मला सांगतात, पाठ दुखते."

"खाज फार सुटते."

"सुटणारच, कातडी ताणतेय. ऑलिव्हचं तेल लाव. आपल्याकडे त्याला काय तोटा! बोंडांना साबण लावू नकोस, कोरडी पडतील. फार ठणकलं तर थंड पाण्यात फडकं पिळून ठेव. चीक आला तर सुती घडी आत ठेव आणि ओली झाली की बदल. पिळून बघू नकोस. आणि ऐक, एखादी गाठ लागली, एखादा भाग लाल होऊन तापला, रक्त दिसलं, तर घरी बसून तेल चोळत राहू नको. इथे ये."

"काम काय करतेस?" तिने शेवटी विचारलं.

"ब्रा शिवते," दोरसाफ म्हणाली.

बेया इतकी हसली की तिला खोकला लागला.

दोरसाफने नवऱ्याचे जुने बनियन कापून स्वतःसाठी दोन शिवल्या. रुंद पट्टे, पुढे बटणं, कुठेही शिवण टोचणार नाही अशा. फावझी, तिचा नवरा, भाड्याची गाडी चालवतो, रोज सूसला फेऱ्या मारतो.

"त्याला बनियन उरलेत का?" मी विचारलं.

"एक आहे. तो आता गाडीत काढून ठेवतो. म्हणतो, घरात चोर आहे."

रात्री ती बनियनची घालायची. दिवसा मादामचे जाळीदार नमुने.

पडद्याआड आमचं एक काम ठरून गेलं. मी तिच्या वरच्या शिरांवर पावडर लावायची. माझीच, चेहऱ्याची. मग ती नमुना चढवायची. मी मागचे हूक लावायची. मग मादामला हाक मारायची.

पहिल्याच नमुन्यात कप अपुरा पडला. कडेने मांस वर आलं.

"रिदा!" मादाम ओरडली. "लहान कापलंस!"

"मादाम, गेल्या वर्षीच्याच साच्याच्या पुठ्ठ्यावर कापलंय," रिदा बाहेरून म्हणाला.

"गेल्या वर्षीचाच माल परत आला, गाढवा!" मग ती दोरसाफकडे वळली. आवाजात मध. "बोल बिन्ती, कुठे टोचतंय?"

"इथे. बगलेखाली."

"आणखी?"

"पट्टा खांद्यात रुततोय. तार खालून लागते."

मादामने कप खोल केला. पट्टा रुंद केला. तारेवर मऊ पट्टी चढवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोरसाफ वाढत होती, नमुना वाढत होता. दरवेळी मादाम विचारायची, दरवेळी दोरसाफ खरं सांगायची. तिने एकदाही खोटं सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती दुखतंय म्हणाली तेव्हा दुखत होतं.

फक्त एका दिवशी मादाम थबकली. डोळे बारीक केले.

"तू जाड झालीस का गं?"

मी खाली बघून डब्यातली टाचणी शोधू लागले. 

दोरसाफ म्हणाली, "मला कसं कळणार, मादाम? टेप घ्या ना. टेबलावर आहे."

बाहेर मशिनं थांबली होती. बाया ऐकत होत्या. मादामने टेपकडे पाहिलं. मग बायांकडे पाहिलं.

"वीस वर्षांत टेप लागली नाही मला," ती म्हणाली. आणि हात वाटीसारखा करून तिने दोरसाफच्या छातीला लावला.

तिने दाबलं. मापताना ती नेहमी दाबायची. त्या दिवसांत दोरसाफला नळाच्या पाण्याची धारही सोसत नव्हती, ती पाठ करून अंघोळ करायची. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. पापणी हलली नाही. मान ताठ. खाली, मादामला दिसणार नाही असा, तिने माझा हात धरला होता. तिची नखं माझ्या तळव्यात रुतली.

"तेच माप," मादाम म्हणाली. "माझा हात सांगतो. पुठ्ठाच चुकलेला होता इतकी वर्षं."

ती गेल्यावर दोरसाफ खाली बसली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी म्हणाले, "सांगून टाक आता. नोकरी गेली तर गेली."

"नोकरी?" ती म्हणाली. जणू हा शब्द ती विसरली होती.

शेवटचा नमुना पास झाला. हस्तिदंती सॅटिन, काठाला जाळी, आत मऊ अस्तर. मादामने त्याच्यावर हात फिरवला आणि सी लामजेदला बोलावून दाखवला. रिदाने कापडाची थप्पी रचली. सुरी चालली. दोरसाफ आपल्या मशीनवर बसून ऐकत होती. सगळ्या उन्हाळ्याचं कापड कापून होईपर्यंत ती एकदाही उठली नाही.

शिवताना बाया कुरकुरल्या. "या काय नवऱ्या आहेत की दूध पाजणाऱ्या दायी?" एक म्हणाली. "यंदा नवरदेवांची चैन आहे," दुसरी म्हणाली. मादामने दोघींना झापलं. पहिला तयार माल माझ्या टेबलावर आला. आमच्याकडे कप एकात एक बसवून खोक्यात ठेवतात. मी ठेवले. झाकण लागेना.

"मादाम, झाकण बसत नाही."

"दाब, प्रोफेसरीणबाई. डोक्याने नाही, हाताने."

मी दाबलं. झाकण वर आलं. पुन्हा दाबलं. मग मी हातातला कप पाहिला, सोनेरी नाव पाहिलं, आणि खोलीच्या त्या टोकाला दोरसाफला पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. ती हसली नाही. तिने फक्त मान खाली घातली आणि पायाखालचं पेडल दाबलं.

तेव्हा मला कळलं.  मी ते खोकं दोरीने बांधलं.

त्याच आठवड्यात तिने काम सोडलं. आई आजारी आहे म्हणाली आणि तबूल्बाला माहेरी गेली. पोट दिसू लागायच्या आत.

जून लागला. लग्नं सुरू झाली. आणि माल परत यायला लागला. मोनास्तिरच्या दुकानदाराने फोनवर सी लामजेदला विचारलं, तुमच्या गावात मुलींना काय खाऊ घालता? कप रिकामे लोंबत होते. एका नवरीने म्हणे आत मोजे भरले. मादामने रिदाला दोष दिला. रिदाने सगळे नमुने मालकासमोर ओळीने मांडले, प्रत्येकावर मादामची खूण होती. त्याचा पगार तरीही कापला. मादामला त्याच दिवशी जायला सांगितलं. उन्हाळाभरासाठी कारखाना बंद झाला. पॅकिंगच्या आम्ही सगळ्या घरी बसलो.

परतीचा माल आठवडी बाजारात गेला. फाटक्या ताडपत्रीवर ढीग, मधे एक पोरगेला विक्रेता उभा, हात उंचावून ओरडत होता.

"शादलिया! शादलिया! दोन दिनारला शादलिया! मोठ्ठी शादलिया!"

पोट पुढे आलेल्या बाया ढिगाभोवती वाकल्या होत्या. माप बघत होत्या, दाताने शिवण उसवून तार ओढून काढत होत्या. मी दोरसाफला फोन लावून तो आवाज ऐकवला. 

"पुन्हा ऐकव," ती म्हणाली.

मी ऐकवला. मग मी तिला रिदाचं सांगितलं. आमचंही सांगितलं.

"रिदाचं वाईट झालं," ती म्हणाली. "तुझंही. मादाम हमामला कोणत्या दिवशी जाते?"

"कशाला? झालं की सगळं."

"तिला वाटतंय पुठ्ठा चुकला. तिला माहीत नाही, त्यामागे मी होते."

तिला सातवा सरून आठवा लागला होता. ती गाडीने आली. मी तिला नको म्हणाले, बेयाने फार गरम पाण्यात बसायला मनाई केली होती. "मी बाहेरच्या खोलीतच बसेन," ती म्हणाली. "तिथे गार असतं. तीही तिथूनच जाणार ना?"

तिथे चटया अंथरलेल्या असतात. बाया आतून न्हाऊन येतात, फूटा, म्हणजे न्हाणीचा पंचा, गुंडाळून बसतात, संत्री सोलतात. हमामवाली मबरूका चहा देत होती; वयाने मोठ्या बाईला आम्ही खालती म्हणतो, म्हणजे मावशी. मादाम शादलिया आतून आली. चेहरा लाल, केस ओले. दोरसाफला पाहून तिने मान वळवली.

दोरसाफने अंगावरचा फूटा खाली सोडला. कमरेपर्यंत.

पोट होतंच. पण मादाम पोटाकडे बघत नव्हती. ती छातीकडे बघत होती. जड, भरलेली, शिरा निळ्या, वर्तुळं काळपट तपकिरी. एका टोकाशी पिवळा थेंब. मादामचा उजवा हात आपोआप वर आला. हवेतच. बोटं वाटीसारखी वळली. तिने माप घेतलं. मग तिची नजर पोटावर गेली आणि मला दिसलं, ती मनात मागे मागे जाते आहे. उन्हाळा, वसंत, हिवाळा. हात खाली पडला.

"टेप घ्या म्हटलं होतं मी, मादाम," दोरसाफ म्हणाली.

मादाम बोलली नाही. आमच्याकडे गरोदर बाई अशी समोर आली की कुणीतरी काहीतरी शुभ बोलायचं असतं. गप्प राहून बघत राहणं म्हणजे नजर लावणं.  बायांच्या हातांत संत्र्याची साल अर्धी सोललेली राहिली.

"अगं मादाम, बोल काहीतरी," मबरूका खालती म्हणाली. "पोर आहे पोटात. काय तोंडात दगड धरलास?"

मादामचे ओठ हलले. "देव सुखरूप पार पाडो."

"ऐकू आलं नाही," दोरसाफ म्हणाली. "आत पाणी वाजतंय."

"देव सुखरूप पार पाडो!"

"आमीन," सगळ्या बाया म्हणाल्या. साल पुन्हा सोलली जाऊ लागली.

मग दोरसाफने पिशवीतून आठवडी बाजारातली, एक माप मोठी ब्रा काढली. हस्तिदंती सॅटिन. तार काढलेली. सोनेरी नावाची पट्टी उसवून बाहेरून, पाठीवर येईल अशी शिवलेली. तिने हात घातले. कप भरून बसले. कुठे मांस वर आलं नाही, कुठे सुरकुती पडली नाही. इतका नेमका बसलेला नमुना मी पुन्हा पाहिला नाही.

"कुठेच टोचत नाही," ती म्हणाली. मग मादामकडे पाठ केली. "मागचे हूक लावता का, शादलिया खालती? माझे हात पोचत नाहीत आता."

मी पुढे झाले. तिने मला डोळ्यांनीच थांबवलं.

बाया बघत होत्या. गरोदर बाईने मागितलेलं नाकारायचं नसतं. मादाम पुढे आली. ओल्या बोटांनी तिने पट्टा ओढला. पहिला हूक लागला. दुसरा निसटला, मग लागला. तिसऱ्यानंतर तिचं बोट सवयीने पट्ट्याखालून सरकत गेलं, इकडून तिकडे, रुततंय का ते बघत.

"बरोबर आहे?" दोरसाफने विचारलं.

"बरोबर आहे," मादाम म्हणाली.

दोरसाफ वळली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, ती हंबरली.